गोव्यातली वडिलोपार्जित शेतजमीन विकायची आहे? आधी पर्यावरणाचे कायदे तपासा

आमची जमीन डिचोली तालुक्यात. वर डोंगराच्या उतारावर काजू, मध्ये झरीच्या आधाराने उभं असलेलं लहानसं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, आणि खाली पाटाच्या कडेला भाताचे चार कुणगे. बाबा गेल्यानंतर दोन पावसाळे ती तशीच पडून राहिली. मी पणजीत नोकरीला, धाकटा भाऊ पुण्यात, ताई सासरी फोंड्याला आणि चुलतभाऊ लंडनला. करणारं कुणी उरलं नाही, म्हणून जड मनाने विकायचं ठरवलं.

आम्हाला वाटलं होतं, ग्राहक शोधणं हेच अवघड काम. ग्राहक आठ दिवसांत मिळाला. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून उत्तर गोव्यात एजंट गावोगाव फिरतच असतात. त्यातल्याच एकाने तो आणला, आम्ही विसार घेतला, देवाला नारळही ठेवला. तीन महिन्यांनी तो विसार परत करावा लागला. डोंगराकडच्या सर्व्हे नंबराचा जवळजवळ तिसरा हिस्सा प्रादेशिक आराखड्यात, म्हणजे कुठल्या जमिनीचा काय वापर करता येईल ते ठरवणाऱ्या सरकारी नकाशात, 'बांधकामास मनाई असलेला उतार' म्हणून दाखवला होता, आणि खालचे कुणगे त्या ग्राहकाला विकणं कायद्यातच बसत नव्हतं. हे आम्हाला ग्राहकाच्या वकिलाने सांगितलं. जमीन आमची, पण तिची माहिती परक्या माणसाला आमच्यापेक्षा जास्त होती. त्या दिवसाची लाज अजून वाटते.

पुढे सगळं नीट करून व्यवहार पूर्ण व्हायला दीड वर्ष लागलं. आज पुन्हा करायचं झालं तर मी कुठल्या क्रमाने करीन, ते इथे लिहितो आहे. ग्राहकाशी बोलण्याच्या आधीचं काम यात जास्त आहे, कारण खरं काम तिथेच आहे.

आधी एक फरक समजून घ्या

पर्यावरणाशी संबंधित नियमांचं नाव निघालं की लोक म्हणतात, 'आमची जमीन अडकली.' बहुतेक वेळा ती अडकलेली नसते. काही कायदे विक्रीच थांबवतात: अभयारण्याच्या हद्दीतली जमीन, भातशेती बिगरशेतकऱ्याला देणं, कुळाने कायद्याखाली विकत घेतलेली जमीन. बाकीचे कायदे विक्री अडवत नाहीत, वापर अडवतात. किनारपट्टीचे नियम, इको झोन, खासगी वन, डोंगरकापणी हे सगळे या दुसऱ्या गटातले. तिथे खरेदीखत होऊ शकतं, पण घेणाऱ्याला तिथे काय करता येईल हे ठरलेलं असतं, आणि मालक बदलला म्हणून ते बदलत नाही.

म्हणून प्रत्येक कागद हातात घेताना दोन प्रश्न विचारायचे. ही जमीन मला विकता येते का? आणि घेणारा तिथे काय करू शकतो? पहिल्याचं उत्तर 'हो' असूनही दुसऱ्याच्या उत्तरामुळे किंमत निम्म्यावर येऊ शकते. ते आधी कळलेलं बरं.

पहिली पायरी: एक-चौदा उतारा आणि सर्व्हेचा नकाशा

गोव्यात सातबारा नाही, नमुना नंबर एक व चौदा आहे. भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर तो पाहता येतो, तरी सही-शिक्क्याची प्रत काढाच. जोडीला सर्व्हेचा नकाशा घ्या. तुमच्या मिळकतीला घरात एकच नाव असेल, आमच्या जमिनीला सगळे 'वयलें भाट' म्हणत. पण सरकारदरबारी ती तीन-चार सर्व्हे नंबरांत आणि उपविभागांत विभागलेली असते, आणि प्रत्येक नंबराचं नशीब वेगळं असतं.

उताऱ्यात मालकाचं नाव सगळेच बघतात. तुम्ही रकाने बघा. लागवडीखालच्या क्षेत्राचे तिथे प्रकार पाडलेले आहेत: जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड. 'तरी' म्हणजे भातशेती. खाजन म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेलं शेत. केर आणि मोरड ही सुद्धा भाताचीच जमीन, एक रेताड आणि दुसरी जरा उंचावरची. आमच्या खालच्या नंबराच्या उताऱ्यावर 'तरी'च्या रकान्यात आकडा होता, बागायतीच्या रकान्यात शून्य. पाटाच्या कडेला बाबांनी लावलेले बारा माड डोळ्यांसमोर होते, म्हणून आम्ही त्या नंबराला बागायत समजत होतो. सरकारी कागदाला ते माड माहीत नव्हते.

या चार रकान्यांपैकी एकात जरी आकडा असेल, तर वकिलाकडे गेल्यावर पहिला प्रश्न गोव्याच्या २०२३ च्या शेतजमीन हस्तांतरण निर्बंध कायद्याचा विचारा. भातशेती बिगरशेतकऱ्याच्या हातात जाऊ नये म्हणून हा कायदा केला आहे. विक्रीच नाही, तर बक्षीस, अदलाबदल, भाडेपट्टा हे मार्गही त्याने बंद केले आहेत. काही मोजक्या प्रकारांत जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मागता येते. मोडल्यास शिक्षा कैदेपर्यंत जाते. 'आधी खत करू, मग बघू' असं सांगणारा माणूस भेटेलच, त्याच्यापासून लांब राहा.

या कायद्याबद्दल माझं मत विचाराल तर, विकणारा म्हणून मला तो महाग पडला. तरीही तो हवा होता. आमच्या तालुक्यात माझ्या डोळ्यांदेखत किती कुणगे मातीखाली गेले ते मी मोजू शकतो. एकदा भरलेलं शेत परत शेत होत नाही, आणि त्या शेतात मुरणारं पावसाचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात येतं.

कूळ, मुंडकार आणि वारस

हा विषय पर्यावरणाचा नाही, पण इथे चूक झाली तर पुढचं सगळं फुकट जातं. म्हणून थोडक्यात सांगतो.

एक-चौदाच्या कुळाच्या रकान्यात नाव असेल तर थांबा. १९६४ चा कूळ कायदा आणि त्यातल्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ हा ठरवलेला कृषिदिन यामुळे त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याच्या दृष्टीने खरेदीदार ठरलेलं असू शकतं. उलट तुमचंच कुटुंब कूळ असेल आणि जमीन त्या कायद्याखाली तुमच्या नावावर झाली असेल, तर ती विकायला मामलेदारांची आगाऊ परवानगी लागते. शिवाय १९९१ च्या भूवापर नियमन कायद्यामुळे अशी जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. म्हणजे सनद (बिगरशेती वापराची परवानगी) नाही, प्लॉट नाहीत. 'इतर हक्क' या रकान्यात मुंडकाराचं (मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घर, वाट, पाणी असं काही लिहिलेलं असतं, तेही वाचा.

वारसांबद्दल गोव्याचा कायदा देशाच्या इतर भागांपेक्षा वेगळा आहे. पोर्तुगीज दिवाणी संहितेची परंपरा चालू असल्यामुळे नवरा-बायकोचा मालमत्तेत सहसा निम्मा-निम्मा वाटा असतो. त्यामुळे वारसदाराबरोबर त्याच्या किंवा तिच्या जोडीदाराचीही सही लागते. भावाची सही झाली, वहिनींची राहिली, असं चालत नाही. वारसाखत किंवा इन्व्हेंटरी (कोर्टातली वारसा-वाटणीची प्रक्रिया) आधी पूर्ण करून घ्या. सहमालकाला आधी विचारण्याची रीतही इथे कायद्यात आहे, तेव्हा चुलत्यांना लेखी कळवा. आणि कुटुंबात कुणी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल, जे आपल्याकडे घरोघरी आहे, तर लक्षात ठेवा: वारसाने आलेली शेतजमीन त्याला विकता येते, पण भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. ओसीआय कार्डवाल्याला, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयाला, शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. 'लंडनचा एक गोंयकार घ्यायला तयार आहे' हे ऐकून आम्हीही आधी खूश झालो होतो.

झोन: इथे वेळ द्या

नगर नियोजन खात्याकडून प्रत्येक सर्व्हे नंबराचा झोनिंग दाखला घ्या. तोंडी माहितीवर, मोबाइलमधल्या नकाशाच्या फोटोवर, एजंटाच्या शब्दावर विसंबू नका. दाखला लेखी हवा.

गोव्याचा प्रादेशिक आराखडा २०२१ वसाहतीच्या बाहेरच्या जमिनीचे मुख्यतः दोन इको झोन करतो. इको-१ मध्ये जंगल, खारफुटी, खासगी वन, पाणवठे, भातशेती, खाजन आणि तीव्र उतार. इथे बांधकामाची आशा धरू नका. इको-२ मध्ये बागायत, लागवडीयोग्य जमीन, मिठागरं, पाटबंधाऱ्याच्या लाभक्षेत्रातली जमीन. इथे शेतीला पूरक असं मर्यादित काही करता येतं. बागायतीत फार्महाऊसची परवानगी मिळू शकते, पण त्यासाठी किमान ४००० चौरस मीटर जमीन एकत्र लागते. एजंट हाच आकडा पुढे करून बागायतीचे तुकडे 'फार्महाऊस प्लॉट' म्हणून खपवतात. तिथे पाणी, वाट आणि उतार यांचा हिशेब कुणी विचारत नाही.

आता उताराचं. पंचवीस टक्क्यांहून तीव्र उतारावर आराखड्यात बांधकामाला मनाई आहे. पंचवीस टक्के म्हणजे आडवं शंभर मीटर अंतर कापताना पंचवीस मीटर चढायचं. आमच्या डोंगरावर मी मोजणीदाराबरोबर गेलो. जिथे आई काजूचे बोंडू वेचताना कमरेला गोणपाट बांधून, एका हाताने झाड धरून चालायची, तोच भाग नकाशात मनाईच्या रंगात होता. आईला कुणी टक्केवारी सांगायला नको होती. तुमच्या जमिनीतही घरातल्या जाणत्या माणसाला विचारा: गुरं कुठे चढत नसत, पावसात कुठून माती वाहते, कुठल्या महिन्यापर्यंत कुठे चिखल राहतो. नकाशाशी ते पडताळून पाहा. बहुतेक वेळा दोन्ही जुळतात, आणि जिथे जुळत नाहीत तिथे नकाशात चूक असण्याचीही शक्यता असते.

एकाच सर्व्हे नंबरात अर्धा भाग एका झोनमध्ये आणि अर्धा दुसऱ्यात असू शकतो. दाखल्याबरोबर नकाशावर रेषा आखून मागा. आमचा वाद त्या रेषेवरूनच झाला होता.

'झोन बदलून देतो' हे वाक्य गोव्यात विकणाऱ्याने सगळ्यात सावधपणे ऐकावं. नगर नियोजन कायद्याच्या १७(२) कलमाखाली आराखड्यातल्या 'चुका' दुरुस्त करण्याच्या नावाने झोन बदलले जात होते. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले. २०२४ पासून ३९-अ हे दुसरं कलम आहे. त्याखाली अर्ज केला तर जाहीर सूचना निघते, गावकऱ्यांना हरकती घेता येतात, आणि गावकरी त्या घेतातही. या कलमालाही जोरदार विरोध आहे. म्हणून बदललेला झोन गृहीत धरून किंमत ठरवू नका, आणि 'झोन बदलल्यावर उरलेले पैसे' अशा अटीवर तर सही करूच नका. आज दाखल्यावर जे लिहिलं आहे तीच तुमची जमीन.

ग्राहक सनद मागेल. सनद म्हणजे भूमहसूल संहितेखाली शेतजमीन बिगरशेतीकडे वळवण्याची परवानगी. शेतजमीन शेतजमीन म्हणूनच विकायची असेल तर सनदेची गरज नाही. ज्याला पुढे वापर बदलायचा आहे त्याने ती काढावी. आणि 'प्लॉट पाडून विकू' असा विचार असेल, तर विभागणी केलेल्या तुकड्याची नोंदणी नगर नियोजनाच्या ना हरकत दाखल्याशिवाय होत नाही, हे आधीच ध्यानात घ्या.

डोंगराकडची जमीन: वन, झाडं, अभयारण्य

वनखात्याच्या नोंदीत नसलेली, तुमच्या मालकीची जमीनही 'खासगी वन' असू शकते. 'वन' म्हणजे काय याचा अर्थ लावणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन निकालानंतर अशी वनं ओळखायला गोव्यात सावंत आणि करापूरकर समित्या नेमल्या गेल्या, पुढे आणखी दोन. निकष तीन आहेत: सलग किमान पाच हेक्टर क्षेत्र, पंच्याहत्तर टक्के जंगली झाडं, आणि झाडांच्या पानोऱ्याची घनता ०.४ (म्हणजे चाळीस टक्के जमीन पानोऱ्याखाली) किंवा जास्त. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच निकष कायम ठेवले. तुमची जमीन दोनच हेक्टर आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. पाच हेक्टर मोजताना शेजाऱ्यांची सलग जमीनही धरली जाते. उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात सर्व्हे नंबर देऊन लेखी विचारा की तो कुठल्या यादीत आहे का. नसेल तर तसं पत्र घ्या. हे पत्र विक्रीच्या वेळी सोन्यासारखं उपयोगी पडतं.

झाडांबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. 'जमीन मोकळी करून द्या, दर वाढवून देतो' असं ग्राहक म्हणतात. करू नका. १९८४ च्या वृक्ष संवर्धन कायद्याखाली झाड तोडायला, तुमच्या स्वतःच्या जमिनीतलंसुद्धा, वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते. माड २०१६ मध्ये 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला होता, तो नंतर परत आणला गेला. काजू, आंबा, फणस म्हाताऱ्या बागेतले असतील तरी विक्रीच्या आधी कुऱ्हाड लावू नका. ज्याचं नाव उताऱ्यावर, गुन्हा त्याच्यावर. शिवाय उतारावरची झाडं काढली की पहिल्याच मृगात माती खाली कुणग्यात येते. ती शेजाऱ्याच्याही कुणग्यात जाते.

जमीन सत्तरी, सांगे, काणकोण, धारबांदोडा या तालुक्यांत असेल तर अभयारण्याची हद्द तपासा. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्यं १९९९ मध्ये जाहीर झाली, आणि त्यांच्या हद्दीत लोकांच्या खासगी जमिनीही आल्या. वन्यजीव कायदा सांगतो की अशी अधिसूचना निघाल्यावर त्या जमिनीत नवा हक्क वारशाशिवाय मिळवता येत नाही. म्हणजे तुमच्या मुलाला जमीन मिळेल, पण बाहेरच्याला विकता येणार नाही. तिथे हक्कांच्या निवाड्याचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं आहे आणि त्याचा भुर्दंड साध्या शेतकऱ्यांना बसला आहे, हे मला अन्यायाचं वाटतं. पण उपाय पळवाटेचा नाही. तुमचा हक्काचा दावा नोंदलेला आहे का ते पाहा, नसेल तर तेच काम आधी करा.

हद्दीच्या बाहेर पण जवळ असाल तर तिथे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील पट्टा लागतो. गोव्यातल्या अभयारण्यांचे हे पट्टे २०१५ मध्ये अधिसूचित झाले. त्यात विक्रीला बंदी नाही. खाणी, दगडाच्या क्वारी, प्रदूषण करणारे उद्योग यांना मनाई आहे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची सहावी मसुदा अधिसूचना जुलै २०२४ मध्ये निघाली. तिच्यात गोव्याचं १४६१ चौरस किलोमीटर क्षेत्र दाखवलं होतं. तुमचा गाव तिच्या यादीत असेल तर ग्राहकाला सांगा. भातशेती किंवा कुळागर करणाऱ्याला त्याने घाबरण्याचं कारण नाही.

नदीकाठ आणि खाजन

'आम्ही कुठे समुद्राजवळ आहोत?' असं डिचोली-फोंड्याचे लोक म्हणतात. किनारपट्टी नियमन क्षेत्र, म्हणजे सगळे ज्याला सीआरझेड म्हणतात ते, समुद्राबरोबर नद्यांच्या काठानेही आत येतं. भर उन्हाळ्यात पाण्याची क्षारता हजारी पाच भागांपर्यंत जिथे पोचते तिथवर. मांडवी आणि जुवारी किती आत खाऱ्या होतात हे नार्वे किंवा दुर्भाटच्या माणसाला विचारा. भरती-ओहोटीच्या नदीकाठी शंभर मीटर किंवा नदीच्या रुंदीइतकं, यातलं जे कमी असेल ते अंतर या नियमात येतं. समुद्राकाठच्या गावांत भरतीरेषेपासून दोनशे मीटरचा पट्टा बांधकामाला बंद.

हा हिशेब २०११ च्या अधिसूचनेचा आहे, आणि तिच्यावर आधारलेला गोव्याचा किनारपट्टी आराखडा सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूर झाला. काही एजंट '२०१९ पासून अंतर पन्नास मीटरवर आलं' असं सांगतात. २०१९ ची नवी अधिसूचना आहे, पण तिच्यानुसार बनवलेला आराखडा मंजूर झाल्याशिवाय तिची सवलत मिळत नाही. म्हणून तुमच्या सर्व्हे नंबराला आज कुठला आराखडा लागतो हे गोवा किनारपट्टी व्यवस्थापन प्राधिकरणाकडूनच लेखी घ्या.

खाजनाची गोष्ट याहून वेगळी आहे. २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतूद आहे, खाजन जमिनीत विकासकामाला मनाई. शेती करा, मानशीजवळ (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ) मासे धरा, मीठ पिकवा, पण भर घालून बांधकाम नाही.

ताईच्या सासरच्यांचं खाजन दुर्भाटकडे. काही वर्षांपूर्वी भरतीच्या जोरात बांधाला भगदाड पडलं, मानशीच्या फळ्या कुजल्या होत्या, वाटेकऱ्यांमध्ये खर्चावरून एकमत झालं नाही. खारं पाणी आत शिरलं ते राहिलंच. पहिल्या वर्षी भात गेलं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी चिखलात बोटभर उंचीची तिवरांची रोपं दिसू लागली. आज तिथे माणसाच्या डोक्यावर जाणारी तिवरं आहेत, चिखलातून वर आलेली मुळं आहेत, ओहोटीला खेकडे फिरतात. उताऱ्यावर अजूनही 'खाजन' लिहिलेलं आहे, पण कायद्याच्या नजरेत आता ती खारफुटी आहे, सगळ्यात कडक संरक्षणातली. क्षेत्र हजार चौरस मीटरहून जास्त असेल तर भोवती पन्नास मीटरचा राखीव पट्टाही येतो. तिवरं तोडणं हा गुन्हा. शेत म्हणून विकावं तर शेत उरलेलं नाही. खारफुटी मासळीच्या पिल्लांना आसरा देते, काठ सांभाळते, तिच्यावर माझा राग नाही. पण बांध वेळेवर बांधला असता तर घरात भात आलं असतं आणि आज शेत घेणारा शेतकरीही मिळाला असता. तुमचं खाजन अजून शेत असेल तर विक्रीच्या विचाराआधी बांध आणि मानस बघून या. कुळ संघटनेकडे किंवा कृषी खात्याच्या मृद्संधारण विभागाकडे दुरुस्तीचा अर्ज द्या.

माती हलवू नका, पाणी लिहून ठेवा

नगर नियोजन कायद्याचं १७-अ कलम डोंगर कापायला आणि सखल जमिनीत भर घालायला आगाऊ लेखी परवानगी मागतं. 'गाडी आत जाईल एवढा रस्ता करून ठेवा' असं ग्राहकाने म्हटलं तरी जेसीबी बोलावू नका. करायचंच तर परवानगी घेऊन त्याने करावं, स्वतःच्या नावावर झाल्यावर. आणि करार झाल्यावर, पण खत होण्याआधी ताबा देऊ नका. त्या मधल्या काळात कुणी भराव घातला तर नोटीस तुमच्या नावाने येते.

विहीर असेल तर २००२ च्या भूजल नियमन कायद्याखाली तिची नोंद झाली आहे का बघा. झर, तळी, पाट यांच्यावर शेजाऱ्यांचा हक्क असतो. बहुतेक ठिकाणी तो कागदावर नसतो, पाळीने चालत आलेला असतो. तो लिहून काढा. आमच्या झरीचं पाणी खालच्या तीन घरांच्या कुळागरांना जायचं. आम्ही त्या तिघांना बसवून, कुणाला कुठल्या दिवशी किती वेळ, असं एका कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद खताला जोडला. जवळ मोठं तळं असेल तर ते पाणथळ म्हणून जाहीर झालंय का, हेही विचारून घ्या. कुडचडेचं नंदा तळं २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलं, तशी इतरही तळी संरक्षणाखाली येऊ शकतात.

ग्राहकाशी बोलणी आणि करार

इथवर आलात की तुमच्याकडे एक फाइल तयार असेल: एक-चौदा, सर्व्हेचा नकाशा, झोनिंग दाखला, वनखात्याचं पत्र, लागू असेल तर किनारपट्टी प्राधिकरणाचं पत्र, वारसाखत, बोजा नसल्याचा दाखला, पाण्याच्या पाळीचा कागद. ही फाइल ग्राहकाला विसाराच्या आधी द्या. पोच घ्या.

लपवण्यात काही फायदा नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या ५५ व्या कलमाप्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेले आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीत न कळणारे दोष सांगणं बंधनकारक आहे. करारात स्पष्ट लिहा की अमुक सर्व्हे नंबर अमुक झोनमध्ये आहे, इतका भाग मनाईच्या उताराचा आहे, हे खरेदीदाराने पाहिलं आहे आणि जमीन शेतीसाठी घेत आहे. 'विक्रेता सर्व परवानग्या मिळवून देईल' असं वाक्य मसुद्यात दिसलं तर काढायला लावा. ते मसुद्याच्या मधल्या पानावर कुठेतरी असतं. आमच्या पहिल्या करारात ते नवव्या पानावर होतं आणि आम्ही कुणीच तिथवर वाचलं नव्हतं. वकील स्वतःचा ठेवा. एजंटाने सुचवलेला नको.

किंमत ठरवताना नंबरनिहाय ठरवा. एकाच दराने सगळी जमीन विकू गेलं की भातशेतीचा दर कुणी वर ओढतो किंवा बागायतीचा कुणी खाली पाडतो. आम्ही शेवटी जमीन दोघांना विकली. कुणगे शेजारच्या शेतकऱ्याने घेतले. त्याच्याकडे तेवढे पैसे एकरकमी नव्हते, म्हणून करारात तीन हप्ते ठेवले आणि खत शेवटच्या हप्त्याला केलं. शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून त्याच्या स्वतःच्या जमिनीचा उतारा लावला. वरची बाग डिचोलीच्याच एका कुटुंबाने घेतली, त्यांना काजू आणि कुळागरच हवं होतं. मनाईचा उतार त्यांनी 'तिथे तसाही कोण जाणार' म्हणून हसत मान्य केला. दर एजंटाने सांगितल्यापेक्षा कमी मिळाला, पण पूर्ण मिळाला आणि कोर्टकचेरी लागली नाही.

खत झाल्यावर

नोंदणी झाली की आपलं काम संपलं असं समजू नका. मामलेदार कार्यालयात म्युटेशनचा (उताऱ्यावर नाव बदलण्याचा) अर्ज खरेदीदाराने दिला का ते विचारत राहा आणि एक-चौदावरून तुमचं नाव निघालेलं स्वतः बघा. तोवर त्या जमिनीत काहीही झालं तरी पहिला फोन तुम्हालाच येणार. सगळ्या दाखल्यांच्या प्रती निदान बारा वर्षं जपून ठेवा.

आणि जमीन दाखवायला स्वतः जा. आम्ही मृगाच्या आधी एका रविवारी गेलो, भाऊ पुण्याहून आला होता. नव्या मालकाला हद्दीचे दगड दाखवले, झरीचं तोंड दाखवलं, पाट कुठे तुंबतो आणि पहिल्या पावसाआधी तिथला पाला कसा काढायचा ते दाखवलं. शेजारचा शेतकरी कुणग्यांच्या बांधावर उभा होता. त्याने विचारलं, "दादा, ह्या कोपऱ्यातून पाणी सोडायचं की त्या?" बाबा कुठून सोडायचे ते मला नीट आठवेना. ताईला आठवत होतं. तिने चपला काढल्या, कुणग्यात उतरली आणि हाताने माती बाजूला करून त्याला ती जागा दाखवली.